विंचेल्सीच्या शिळेवरचे वाक्य

तीर्थरूप बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण असे की, रविवारी मी ईस्ट ससेक्समधील विंचेल्सी या गावी जाऊन आले आणि तेथील संत थॉमस चर्चच्या आवारात आपल्या नगरच्या एका माणसाचे थडगे पाहिले. स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी नगरला झाला. वडील आयरिश, ब्रिटिश तोफखान्यात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले. पुढे १९५० च्या दशकात बीबीसी रेडिओवरून त्यांनी साऱ्या इंग्लंडला हसवले, आणि २७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते वारले.

आपल्या थडग्यावर 'मी आजारी आहे असे तुला सांगितले होते' एवढेच कोरावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु पवित्र आवारात असली थट्टा इंग्रजीत कोरण्यास चिचेस्टरच्या धर्मप्रांताने नकार दिला, तेव्हा तडजोड म्हणून तेच वाक्य आयरिश भाषेत कोरण्यात आले. येणारे बहुतेक लोक शिळेसमोर थांबतात, अक्षरे न्याहाळतात, आणि सोबतच्या कोणी अर्थ सांगितला की मग हसतात. मला तर हा उशिराने येणारा हशाच फार आवडला.

मात्र ते वाक्य नुसते गमतीचे म्हणून वाचणे मला जमले नाही. १९४४ मध्ये इटलीतील लढाईत ते तोफगोळ्याने जखमी झाले, मनावरही आघात झाला, आणि पुढे आयुष्यभर त्यांना मानसिक आजाराने पुन्हा पुन्हा गाठले; त्याविषयी ते उघडपणे बोलतही असत. आजारी असल्याचे त्यांनी खरोखरच सांगितले होते, बाबा.

आणखी एक गोष्ट आपल्याला नक्की आवडेल. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' यांना एकच शब्द आहे, पण आयरिशमध्ये आपल्यासारखेच ते निराळे आहेत, आणि शिळेवरचे रूप एकवचनी आहे. म्हणजे भाषांतरामुळे ते बोलणे साऱ्या जगाला उद्देशून न राहता एकाच माणसाला, जवळच्या कोणाला तरी, सांगितल्यासारखे झाले.

मी मराठीत 'तुला म्हटलं होतं ना, मला बरं नाही म्हणून' असे करून पाहिले. 'ना' ठेवावा की काढावा, हे ठरेना. आपण चाळीस वर्षे मराठी शिकवलेत. आपले मत सवडीने कळवावे. आईस नमस्कार.

आपली कन्या