गुरुत्वाकर्षण: व्याख्येची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसरीत शिकणाऱ्या माझ्या नातवाने परवा गुरुत्वाकर्षणाची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. कोल्हापूरच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पृथ्वीच्या पाठीवर, प्रशांत महासागर पसरलेला आहे. तिथल्या बोटीवरचा खलाशी पाय घसरला तर कुठे पडेल, असे मी विचारले, तेव्हा तो तितक्याच आत्मविश्वासाने ‘खाली, आकाशात’ असे उत्तरला. व्याख्या त्याला पाठ होती, पण ‘खाली’ या शब्दाचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नव्हता.

लहान मुलाच्या लेखी ‘खाली’ म्हणजे फरशीची दिशा. मी कणकेचा गोळा करून त्याला चारी बाजूंनी काड्या टोचल्या आणि प्रत्येक काडी म्हणजे एक माणूस मानून त्याच्या पायांखाली काय आहे, हे बोटाने दाखवायला सांगितले. बोट दर वेळी गोळ्याच्या मध्याकडे वळले. ‘खाली’ म्हणजे पृथ्वीच्या केंद्राकडे, हे मग मला सांगावे लागले नाही.

दुसरा घोटाळा आपल्या शब्दानेच केला आहे, असे मला वाटते. ‘गुरु’ म्हणजे जड, त्यामुळे जड वस्तू आधी पडणार, हे मुलेच काय, मोठी माणसेही गृहीत धरतात. वही आणि सुटा कागद शेजारी शेजारी सोडले की कागद तरंगत मागे राहतो. तोच कागद वहीवर ठेवून वही आडवी सोडली, तर दोन्ही बरोबर जमिनीला टेकतात, कारण हवेचा अडथळा वही आपल्या अंगावर घेते. अपोलो १५ च्या मोहिमेत १९७१ साली डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडले, तेव्हा हवाच नसल्याने दोन्ही एकाच वेळी पडले.

सर्वांत जास्त गंमत मात्र बाटलीत आहे. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडावे, पाणी भरून झाकण उघडे ठेवावे; धार लागते. उंचावरून बाटली सोडून दिली की पडता पडता धार थांबते, कारण बाटली आणि पाणी सारख्याच वेगाने खाली येत असल्याने खालच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा भार उरत नाही. अंतराळवीर तरंगतात ते याच कारणाने. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ हे वाक्य अनेक वर्गांत सर्रास सांगितले जाते, आणि ते चूक आहे. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते, म्हणजे कोल्हापूरहून मुंबई रस्त्याने जेवढी दूर, साधारण तेवढेच. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसे सतत एकत्र पडत असतात, पण आडवा वेग प्रचंड असल्याने जमिनीला लागत नाहीत.

गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतावर जन्मभर काम केलेले डॉ. जयंत नारळीकर १९३८ साली याच कोल्हापुरात जन्मले. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळांनी न्यूटनच्या सफरचंदावरची भाषणे थोडी कमी करून मुलांच्या हाती वही आणि बाटली द्यावी, एवढीच माझी विनंती आहे. पाणी सांडते म्हणून वर्गात परवानगी नसेल, तर शाळेचे अंगण आहेच.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर