इन्चार्ज व्हायचं की नाही?

सोलापूर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मेट्रन मॅडमनी सर्जिकल वॉर्डाचं इन्चार्जपद देऊ केलं आणि तू विचार करायला वेळ मागून घेतलास, हे वाचून आधी हसू आलं, मग राग आला. ‘उद्या काही झालं तर माझ्याच गळ्यात. त्यापेक्षा आपली ड्यूटी करावी, पुढच्या पाळीला ओव्हर द्यावा आणि घर गाठावं,’ असं लिहितेस. अगं, स्टाफ नर्सच्या गळ्यात काही येत नाही, हे तुला कुणी सांगितलं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, हे पेपरात वाचलंच असशील. जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०४ अ च्या जागी आता कलम १०६ आहे. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला, तर ५ वर्षांपर्यंत कैद. तेच नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना घडलं, तर २ वर्षांपर्यंत. नोंदणीकृत डॉक्टर कुणाला म्हणायचं तेही खाली दिलंय: वैद्यकीय पदवी हवी आणि नाव मेडिकल रजिस्टरमध्ये हवं. आपलं नाव आहे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये. म्हणजे शब्द जसेच्या तसे वाचले, तर सवलत त्यांना आहे, आपल्याला नाही. यावर आपल्या संघटनांनी जेवढा आवाज करायला हवा होता तेवढा मला तरी ऐकू आला नाही.

लगेच घाबरू नकोस. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगून ठेवलंय की साधी चूक किंवा अंदाज चुकणं हा फौजदारी गुन्हा होत नाही, निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो. पोलिसांनीही आधी तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं. निकाल डॉक्टरच्या खटल्यातला आहे, पण नर्सवर वेळ आली तर तिचा वकील तोच पुढे करणार. नुकसानभरपाईची बाब वेगळी. ती ग्राहक आयोगात मागतात आणि नोकरीवर असलेल्या माणसाच्या चुकीचा भार सहसा हॉस्पिटलवरही येतो.

सांगायचं एवढंच, की धोका तुझ्यावर आजही आहे, आणि आज तो कमी करणं तुझ्या हातात नाही. रात्री ३० पेशंटमागे एकटी असलेली मुलगी कुणाला अडवणार? इन्चार्ज अडवू शकते. मला तरी ही खुर्ची त्यासाठीच हवी होती.

मागच्या महिन्यातली गोष्ट सांगते. आमच्याकडे एक नवी मुलगी आहे, नुकतीच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन आलेली. डॉक्टर राऊंडला उभे, इन्सुलिन लगेच द्यायचं होतं. ट्रेमध्ये मिलीलिटरला १०० युनिटची व्हायल आणि लाल टोपणाची सिरिंज. तुला माहीतच आहे, लाल टोपणाची ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपणाची १०० च्या. त्या सिरिंजवरच्या रेघा बघून भरलं असतं तर डोस अडीचपट गेला असता. पोरीने हात थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘सिस्टर, सिरिंज बदलून हवी.’ डॉक्टर खेकसले, ‘एवढ्याला किती वेळ?’ तिचा चेहरा पडला. मी स्टोअरमधून केशरी टोपणाची सिरिंज मागवली आणि डॉक्टरांना म्हटलं, ‘सर, तिने बरोबर केलंय, दोन मिनिटं थांबा.’ बास. पण त्या दिवसापासून वॉर्डातल्या बाकीच्या मुलीही विचारायला लागल्या. त्या दिवशी मी गप्प बसले असते तर पुढचे सहा महिने एकीनेही तोंड उघडलं नसतं. लीडरशिपवरच्या ट्रेनिंगला मीही जाऊन आले आहे, चहा-बिस्किटं छान होती.

आता संमतिपत्राचं. इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण सोलापुरात हा प्रश्न तुमच्या पुण्यापेक्षा अवघड आहे. आमच्या पूर्व भागातल्या बायका तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारे कन्नड, आणि फॉर्म छापलेला मराठीत. मराठी सगळ्यांना समजतं, पण बाजारापुरतं. विडी घरकुलातली एक बाई अॅडमिट होती, आयुष्यभर विड्या वळलेली. डॉक्टरांनी सगळं जावयाला मराठीत समजावलं, जावयाने मान डोलावली, बाईचा अंगठा घ्यायचा आणि साक्षीदार म्हणून आमच्या वॉर्डातल्या एका नर्स मुलीने सही करायची, एवढंच उरलं होतं. ही मुलगी पूर्व भागातलीच. तिने सहज तेलुगूत विचारलं, तर बाई म्हणाली, पोटातली गाठ काढणार आहेत. कागदावर होतं गर्भाशय काढणं.

मुलगी पेन खाली ठेवून माझ्याकडे आली. मी डॉक्टरांना परत बोलावलं. ते कुरकुरले, ओटीची लिस्ट पुढे सरकली, पण आले. मुलीच्या मदतीने पुन्हा सगळं सांगितलं. बाईने दोनच प्रश्न विचारले. त्यातला एक, विड्या वळायला कधी बसता येईल? मग स्वतःहून अंगठा दिला. ऑपरेशन ठरलं होतं तेच झालं, नीट झालं. काही जण म्हणाले, मग फरक काय पडला? मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

समीरा कोहली खटला तू वाचच. बाई तपासणीसाठी भुलीखाली होती, बाहेर आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, जिवावरचं काही नव्हतं, तेव्हा आईची सही चालणार नाही. आपल्याकडे नवरा, जावई, थोरला दीर कुणीही पेन हातात घेतो आणि आपणही पुढे करतो. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. तरी किती ठिकाणी मागतात ते तुला मी काय सांगू! समजावून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरची, हे खरं. पण तिला समजलेलं नाही हे दिसत असताना साक्षीदाराच्या रकान्यात सही करणं मला पटत नाही, आणि माझ्या मुलींना मी ते करायला लावणार नाही.

स्टाफ कमी असल्याचं रडगाणं तू गायलंसच, म्हणून थोडक्यात. टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटना १ नर्स हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. तो कुठे पाळला जातो ते सोड. मी नाईट रिपोर्टमध्ये रोज पेशंट किती आणि नर्स किती हे दोन आकडे लिहायला लावते, आणि महिन्याकाठी एक पत्र ऑफिसला देऊन पोच घेते. उत्तर येत नाही. पोच मात्र माझ्या फाईलला असते. आणि हो, चार्टवर व्हाइटनर दिसला की मी चिडते. चुकलं तर एक रेघ मारावी, खाली सही, वेळ.

नातेवाईक अंगावर आले तर? हॉस्पिटलमधल्या मारहाणीविरुद्धचा २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आपल्यालाही लागू आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. पण तक्रार प्रशासनाने करायला हवी. मुलीला एकटीला पोलीस चौकीत पाठवू नकोस.

परवा पाहुण्यांना डॉ. कोटणीसांचं स्मारक दाखवायला नेलं होतं. चीनला गेलेले डॉक्टर म्हणून त्यांना सगळं सोलापूर ओळखतं. १९४१ मध्ये त्यांनी जिच्याशी लग्न केलं ती ग्वो छिंगलान नर्स होती, हे पाहुण्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

तर मॅडमना होकार कळव. फक्त अट घाल की ड्यूटी लावण्याचा अधिकार तुझ्याकडे राहील. जबाबदारी तुझी आणि यादी ऑफिसची, असं असेल तर मात्र नाही म्हण.

आणि एक काम. संमतिपत्राचा तेलुगू मसुदा आमच्या त्या मुलीने आणि तिच्या वडिलांनी मिळून केलाय, डॉक्टरांनी तपासलाय. कन्नडचं अडलंय. तुझी विजयपूरची जाऊ शाळेत कन्नड शिकवते ना? तिला दोन पानं पाठवली तर बघेल का? भाषा पुस्तकी नको, शेतातल्या बाईला कळेल अशी हवी. तिचा नंबर कळव, मीच बोलते.

तुझी,
मंगल