चिव्हिताहून आल्यावर बंड्याला

प्रिय बंड्या,

सात महिने ना फोन ना मेसेज, तू रागावला असशील तर बरोबरच आहे. तब्येत ठीक, गुडघा बरा आहे. पण शनिवारी जे बघून आलो ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू, आमच्याकडे टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक, म्हटलं की सगळे जांभया देतात.

रोमहून ट्रेनने ऑर्व्हिएतो, तिथून बसने बान्योरेज्जो आणि मग पायी. रस्ता संपतो आणि समोर दरीच्या मधोमध एका सुळक्यावर गाव, चिव्हिता. रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांनी साधारण 2500 वर्षांपूर्वी वसवलेलं. जायला एकच 300 मीटरचा पूल, 1965 चा, शेवटी छाती भरून येते असा चढ. आता कायमचे राहणारे जेमतेम दहा-पंधरा आणि बघायला येणारे वर्षाला लाखो, 2013 पासून आत शिरायला तिकीट आहे.

वर ज्वालामुखीचा टफ आणि खाली जुन्या समुद्राची चिकणमाती! आपल्या बेसाल्टसारखं नाही रे, भिंतीवर अंगठा घासला तर पिवळी भुकटी हाताला येते. पाणी भेगांतून उतरतं, माती भिजून सरकते आणि वरचा खडक कडेने सुटत जातो. 1695 च्या भूकंपानंतर बिशप आणि कारभार दोन्ही बान्योरेज्जोला हलले, माणसं हळूहळू त्यांच्या मागे गेली. तेराव्या शतकातला संत बोनाव्हेंतुरा इथला, त्याचं घर कधीच दरीत गेलं. एका वाड्याची फक्त दर्शनी भिंत उभी आहे, खिडकीतून आत बघायला जावं तर पलीकडे नुसतं आकाश. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आणि गावात दरडींचं म्युझियम आहे, खरंच! आपल्या सरांना तिथे सोडलं असतं तर संध्याकाळी हात धरून बाहेर काढावं लागलं असतं. आणि हो, तो हातोडा तूच हरवलास, वीस वर्षं झाली तरी मी हेच म्हणणार.

तर मुद्दा आईचा. ऑगस्टमध्ये विहिरीमागे भेग पडली तेव्हा तू म्हणालास, राहू दे तिला तिच्या घरात, आणि मी म्हणालो तुझी आई असती तर बोलला असतास का असं. तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. ते मी बोलायला नको होतं, बंड्या, माफ कर. मला दरडीखाली गेलेलं तळिये दिसत होतं, 22 जुलै 2021, तिथून आपण किती लांब आहोत ते तुला माहितीये. आईला म्हटलं इथे ये, तर म्हणते गुरांना कोण बघेल.

चिव्हितात एक म्हातारी दारातली पायरी झाडत होती, पिवळी धूळ गोळा करून कुंडीत टाकत होती, अगदी आपल्या आईसारखी पाठीत वाकून. ती कड्यापासून चाळीस पावलांवर राहते. मग वाटलं तुझंच बरोबर. पण रात्री हॉटेलवर झोप येईना, कारण तिच्या खालच्या खडकात पोलादी सळया ठोकल्यात, उतार हलतोय का ते यंत्रं मोजतात. आईच्या डोंगराला कोण मोजतंय? तिने राहायचं तर राहू दे, पण मोजल्याशिवाय नाही, एवढंच माझं म्हणणं आहे आणि हे फोनवर मला नीट बोलताच आलं नाही.

म्हणून एक काम कर, पाऊस यायच्या आत जा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोक, टेपने अंतर घे, तारीख लिहून मला फोटो पाठव. शेजारच्या पोराला दर रविवारी मोजायला शिकव, जून लागला की रोज. अंतर वाढलं तर मी त्याच आठवड्यात येतो आणि तिला उचलून नेतो, मग ती कितीही ओरडो. मी पाठवलं म्हणून सांगू नकोस, फणस न्यायला आलो म्हण, तुला ती नाही म्हणणार नाही.

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिमणीच्या दहावीचं काय? सविस्तर लिही.

खुंट्या सागाच्या घे, बाभळीच्या नको, आणि हातोडा घरून ने.

तुझाच,
नाना