मांजरांच्या नसबंदीसाठी राबणाऱ्यांचे आभार

भटक्या मांजरी पिंजऱ्यात धरून नसबंदीला नेणाऱ्या, नावही न सांगणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. दार पडताच पिंजऱ्यावर चादर टाकता तुम्ही; नाहीतर घाबरलेली मांजर जाळीला धडका देऊन नाक सोलून घेते. भुलेत अंग गार पडतं, म्हणून शुद्धीवर येईपर्यंत तिला ऊब देत बसता. हे काम कुणाला दिसतही नाही.

मांजर 4 महिन्यांचीही गाभण राहते, पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा राहते. तरी "एक वेत होऊ दे" म्हणणाऱ्या मालकांना तुम्ही न चिडता समजावता, त्याचे विशेष आभार. बोकेवाल्यांनाही सांगत राहा: शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे शुक्राणू शिल्लक असतात, तोवर त्याला माजावरच्या मांजरीपासून लांबच ठेवा.