तुझी तार सापडली

ओतूर, रविवार

दत्त्या,

दिवाळीपासून माझी एक ओळ नाही. काय शिव्या घालायच्या त्या घाल. इकडं बरं आहे, आईचे गुडघे तसेच. लिहितोय ते पिकअपपायी, हसू नकोस.

परवा नारायणगावातनं साठ कॅरेट टोमॅटो भरून कल्याणला निघालो. माळशेजच्या वळणावर स्टेअरिंग वळेचना! सीटवरनं उठून दोन्ही हातांनी ओढलं. शेजारी पोरगं, त्याच्यासमोर घाबरताही येईना.

मिस्त्री म्हणाला, पॉवर स्टेअरिंगचा पंप गेला, नवा टाका. पैसे मोजणारच होतो. पण आवाज घूं-घूं होता, चीं नव्हता. 'बेल्ट चीं करतो, पंप घूं करतो' हे तूच डोक्यात भरवलेलं. त्या पंपाच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढलं तर तेल पुरेसं, पण त्याला ताकासारखा फेस. म्हणजे हवा. पुढची चाकं जॅकवर उचलून फिरवून पाहिली, कुठं अडकत नव्हती. खाली तेलाचा टिपकाही नाही. अर्धा दिवस तिथंच डोकं खाजवत बसलो.

मग टाकीतनं पंपाकडं जाणारा पाइप चाचपला. रबर लाकडागत कडक, टोकाला चीर, आणि वर क्लिपऐवजी तू बांधलेली तार! तिथं पंप तेल ओढतो ना, म्हणून तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जायची. 'तार सुटली तर मिशी काढीन' म्हणाला होतास. त्यावरनं आपण आठ दिवस बोललो नव्हतो. तार सुटलेली नाही हे खरं, पण रबर तिनंच कापलंय. मी मिशी धरूनच चालतो.

नवा पाइप, क्लिप, लाल तेल. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं, पोरगं तेल ओतत होतं. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू केलं. टोकाला दाबून धरलं नाही, तेल तापतं म्हणून.

आता बोटानं वळते. पण सकाळी गार असताना बारीक घूं येतो अजून. आत हवा उरलीय, की इतके दिवस फेसावर चालून पंप खरंच खाल्ला? घाटात परत न्यायची हिंमत होईना, आणि टोमॅटोचे तोडे चालू आहेत. भाड्याच्या गाडीत माल घालतोय, दारात आपली उभी.

वहिनींची नोकरी लागली का? चिंगीची दहावी यंदाच ना? चाकणहून दोन तासांचा रस्ता, एका रविवारी ये आणि तो आवाज ऐक. तार ठेवलीय डब्यात.

तुझा,
बाळ्या