साहेब झाले, ते महागात पडलं

पुणे, 11 जानेवारी 2026

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते. पण बाबा फोन स्पीकरवर टाकतात आणि ओटीवर बसलेले सगळे ऐकतात, म्हणून हे पत्र. आई, बाबांना वाचायला लाव आणि मध्येच रडू नकोस.

माझी नोकरी गेली. 3 डिसेंबरला एचआरच्या बाईंनी खोलीत बोलावलं. राजीनामा छापून तयारच होता, फक्त सही राहिली होती. 'आज सही केलीस तर नीट निघशील, नाहीतर काढून टाकल्याचं पत्र मिळेल.' मी कागद पर्समध्ये टाकला आणि घरी आले. मिलमधल्या कुठल्याही कागदावर उभ्या-उभ्या सही करायची नाही, हे बाबांचं वाक्य लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की हात आपोआपच मागे आला. आठवड्याने त्यांनी खरंच काढल्याचं पत्र दिलं.

शिवाजीनगरला एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, हाताखाली किती माणसं? 14. त्यांच्या रजा कोण मंजूर करतं? मी. पगारवाढ कोण सुचवतं? मीच. मी जरा तोऱ्यातच उत्तरं देत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. 'मग तू कामगार नाहीस.'

नुसत्या कार्डावरच्या हुद्द्याने तसं होत नाही, कोर्ट प्रत्यक्ष काम काय ते बघतं. पण माझं काम खरंच व्यवस्थापनाचं होतं. मॅनेजर हा कामगार धरत नाहीत, हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच आहे. वर्षभर काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. बेकायदा काढलं असेल तर त्याला परत कामावर घ्या, असंही सांगता येतं. माझ्या हातात फक्त करारपत्र. त्यातला नोटिशीचा पगार दिला नाही तर दिवाणी कोर्टात जायचं. तिथे नुकसानभरपाई मिळेल, खुर्ची परत मिळत नाही.

2019 मध्ये मी मॅनेजर झाले तेव्हा बाबांनी अख्ख्या वाडीत पेढे वाटले होते. तुम्ही मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार म्हणून लागलात आणि तुमची पोर साहेब झाली. साहेब होणं म्हणजे कायद्याच्या छत्रीतून बाहेर पडणं, हे तेव्हा आपल्या कुणालाच सुचलं नाही. अर्थात छत्री असूनही तुम्ही भिजलातच. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे उभी होती आणि 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रतिनिधी मानलेली युनियन मात्र दुसरीच! तेव्हा नुसता कायदा असून काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तरी सगळंच गेलं असं नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, साहेबालाही मिळते. बेसिक 90,000, पूर्ण वर्षं 11. महिन्याला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, मग 11 ने. 5,71,153 रुपये होतात. 12 वं वर्ष धरायला सहा महिन्यांवर सेवा हवी होती, मला जेमतेम तीन आठवडे कमी पडले. (हा योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.) तीस दिवसांत द्यायला हवी होती, ते परवा भरले, आता व्याजही मागितलंय. पगाराचा हिशेब नव्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो आणि ती व्यवस्थापकालाही लागू आहे. कंपनी म्हणते, 45 दिवस लागतात.

वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही, असं एक कलमही करारात आहे. त्याची मला जास्त भीती होती. वकीलबाई हसल्या. 1872 च्या करार कायद्याच्या 27 व्या कलमाने नोकरी संपल्यावरची अशी बंदी रद्दबातल ठरते. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधले गोलिकरी 1967 साली सुप्रीम कोर्टात हरले, ते पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कारखान्यात गेले म्हणून. मला तर यांनीच काढलंय.

आता जे लिहायला तीन दिवस लागले ते. गेल्या मार्चमध्ये त्याच खोलीत, त्याच टेबलाच्या दुसऱ्या, कंपनीच्या बाजूला मी बसले होते. समोर माझ्या टीममधला साताऱ्याकडचा एक मुलगा, नुकतं लग्न झालेला. त्याच्यापुढे तसाच छापील राजीनामा मी सरकवला. 'सही कर, तुझ्याच भल्याचं आहे' असं म्हणालेही. त्याने वाचलासुद्धा नाही, माझ्याकडे बघून सही केली. तो दिवसभर कोड लिहायचा, हाताखाली कुणी नाही. पगार कितीही असला तरी कायद्याने तो कामगार होता. दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो, असं त्याला कामगार आयुक्तांपुढे मांडता येतं. मुदत अजून गेलेली नाही.

वकीलबाईंना विचारलं, त्याला साक्षीदार लागेल का? त्या म्हणाल्या, लागेल, पण तू तेव्हा कंपनीच्या बाजूची होतीस, हे कोर्टात बोलावं लागेल.

काल रात्री त्याला फोन केला. त्याने उचलला नाही. आज संध्याकाळी पुन्हा करते.

पैसे 5 तारखेला पाठवलेत, बाबांनी ते परत पाठवू नयेत. आईच्या गुडघ्याचं तेल स्पीड पोस्टने येतंय.

तुमची,
बेबी