काका, गाडीचा पंप परत टिकटिकायला लागलाय (जाहीर आभार)

काका,

हे असं सगळ्यांसमोर लिहितोय कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "ते राहू दे, ऑइल बघितलंस का" म्हणून विषय बदलता. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. आणि तुम्ही इंग्लंडमधलं स्लाऊ सोडून पुण्याला ताईंकडे राहायला गेल्यापासून रविवारी दुपारी माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे तुमची आठवण जरा जास्तच येते.

वाचणाऱ्यांना सांगतो. मी मूळचा सांगलीचा, रेडिंगला आयटीत नोकरी, पाना कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे सुद्धा धड माहीत नव्हतं, आणि मला घ्यायची होती जुनी एमजीबी जीटी. ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1962 पासून 1980 पर्यंत अ‍ॅबिंगडनला बनली, जीटी म्हणजे टपवालं मॉडेल, ते 1965 ला आलं. पाच लाखांवर गाड्या बनल्या त्यामुळे स्पेअर आजही सगळे मिळतात, अगदी अख्खी बॉडी सुद्धा नवीन मिळते. हे सगळं मी वाचून काढलेलं आणि मला वाटत होतं की आपल्याला बरंच कळतं.

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी कोणाला तरी हे सांगत होतो आणि मागून तुम्ही विचारलंत, "इंजिन कुठलं रे, बी सिरीज ना?" मी बघतच राहिलो. मग तुम्ही सांगितलंत की कोल्हापुरात उमेदीच्या काळात अ‍ॅम्बॅसिडर टॅक्स्यांची इंजिनं उतरवलीत ती याच घराण्यातली, तिचं 1489 सीसी आणि हिचं 1798. "तिला क्रँकला (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला) तीन बेअरिंग, हिला पाच. 1964 च्या शेवटापर्यंत हिला पण तीनच होती. बाकी सगळं ओळखीचं." म्हणजे लहानपणी ज्या अ‍ॅम्बॅसिडरमधून आम्ही नऊ जण कोंबून जोतिबाला गेलो तिची ही बहीणच की! त्या दिवशी मला गाडी मिळायच्या आधी तुम्ही मिळालात.

पहिली गाडी आठवतेय का? लाल, वायरची चाकं, क्रोमचा बंपर, फोटोत नजर लागेल अशी. मी टोकन द्यायला पैसे घेऊनच आलो होतो. तुम्ही खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलंत (त्यावर शिर्डीच्या साईबाबांचा फोटो, मालक चक्रावला) आणि दाराखालच्या पत्र्यावर फिरवायला लागलात. पुढे चिकटलं, मधे चिकटलं, मागच्या चाकाजवळ गळून पडलं. पुट्टी. मग जॅक मागवलात, दाराखालच्या जॅकच्या जागेला लावून ती बाजू उचललीत आणि मला म्हणालात आता दार उघड. दार हलेना. तेव्हा कळलं की या गाडीला वेगळी चासी नसते, दाराखालचे तेच पत्रे सगळा भार घेतात आणि ते आतून कुजले की गाडी मधे वाकते आणि दाराची फट बंद होते. वरून नवीन पत्रा ठोकून चकाचक रंग मारलेला होता. मालक म्हणाला थोडं वेल्डिंग केलं की झालं. तुम्ही त्याला हसून थँक्यू म्हणालात आणि माझ्या दंडाला धरून बाहेर. परत येताना मी फुगून बसलो होतो, एक शब्द बोललो नाही. त्याबद्दल आज सॉरी म्हणतो.

नंतर चार महिने आणि पाच गाड्या. घेतली ती सहावी, 1972 ची, हिरवी, रंग उडालेला, सीट फाटलेली, पण पत्रा खणखणीत. तुमचं म्हणणं एकच, इंजिन कधीही करता येतं, सीट कधीही शिवता येते, गंज मात्र नवऱ्याच्या कर्जासारखा असतो, लग्नानंतरच कळतो. (काकू त्यावर काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.)

मग खरी शाळा सुरू झाली. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, सेट करताना नऊची बेरीज तुम्ही शिकवलीत, आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याचा गॅप बघायचा, सातवा दाबला की दुसऱ्याचा, गॅप पंधरा थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) आणि इंजिन थंड. मी फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घट्ट ओढायचो तर म्हणायचात, "दह्यातनं सुरी निघाल्यासारखी निघाली पाहिजे." दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडची फुसफुस सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. शेजारचे गोरे आजोबा कुंपणावरून बघायचे, त्यांना वाटायचं आपण गाडीचं बीपी बघतोय. आणि त्या दिवशी मी गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल ओतायला निघालो होतो तेव्हा तुम्ही व्हिडिओ कॉलवर असे ओरडलात की घरातली झोपलेली पोरगी उठली. यात इंजिनचंच 20डब्ल्यू50 ऑइल जातं हे आता मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दर तीन हजार मैलांना किंगपिनला (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला) ग्रीस, हे तुम्ही माझ्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून गेलात. गाडी चाळीस वर्षांवरची म्हणून इथे रोड टॅक्स नाही आणि एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या फिटनेस टेस्टची, सक्तीही नाही. पण तुम्ही म्हणालात, "सरकारने सोडलं म्हणून ब्रेकने सोडलं नाही," तेव्हापासून दरवर्षी स्वतःहून टेस्ट करून घेतो. 2021 ला पंपांवर साधं पेट्रोल ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालं तेव्हा जुने रबरी पाइप काढायला पण तुम्हीच लावलेत, त्यातला एक हातात आल्यावर चिकट गुळासारखा झाला होता.

पैसे मात्र कधी घेतले नाहीत. फक्त भडंग, ते पण सांगलीचंच, इथल्या दुकानातलं चालत नाही.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो, हे फोनवर नीट सांगितलंच नव्हतं. ए34 हायवेवर गाडी दोन आचके देऊन बंद पडली, आणि कुठे, तर अ‍ॅबिंगडनच्या अलीकडे, म्हणजे बाई माहेरच्या दारात येऊन रुसल्या. बायको, पोरगी रेलिंगच्या पलीकडे उभ्या, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातायत. चावी फिरवली तर मागून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची टिकटिक येईना. तुम्ही सांगितलेलं आठवलं, मागच्या उजव्या चाकाजवळ आडवा झालो आणि पान्याच्या दांड्याने त्या पंपाला हळूच दोन टोले दिले. टिक टिक टिक टिक सुरू. बायकोने टाळ्या वाजवल्या काका, माझ्यासाठी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा. घरी येऊन पंपाचे पॉइंट (आतले विजेचे संपर्क) घासले, आता व्यवस्थित आहे, नवीन पंप पण मागवून डिकीत ठेवलाय.

एक मात्र विचारायचंय. गाडी तापली की तिसऱ्या-चौथ्यात ओव्हरड्राइव्ह (इंजिन कमी फिरवून वेग ठेवणारा जास्तीचा गिअर) लागायला वेळ घेतो, थंड असताना लगेच लागतो. ऑइलची लेव्हल बघितली, बरोबर आहे. आता आधी वायरिंग बघू का सोलेनॉइड (तो गिअर लावणारा विजेचा स्विच)? रविवारी आमच्या सकाळी दहाला फोन करतो, तुमचं जेवण आटपलेलं असेल. झोपू नका.

तुमचा,
हिरव्या गाडीवाला

(ताईंना सांगा, सांगलीहून भडंगाचं पार्सल निघालंय, दोन किलो.)